विश्लेषण : बालीची सहल आखताना ज्वालामुखीचा हिशेब कसा धरायचा?

दिल्लीहून बालीला निघालेले एअर इंडियाचे विमान १८ जून २०२५ रोजी वाटेतूनच माघारी फिरले. विमानात बिघाड नव्हता, हवामानही वादळी नव्हते. बालीपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या एका ज्वालामुखीने आदल्या दिवशी आकाशात राख फेकली होती आणि ती विमानमार्गावर पसरली होती. प्रवासी सुखरूप दिल्लीत उतरले, पण त्यांच्या हॉटेलच्या आणि फिरण्याच्या ठरलेल्या तारखा विस्कटल्या.

गेल्या काही वर्षांत बालीला जाणाऱ्या परदेशी पर्यटकांत ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल भारतीयांची संख्या आहे. मधुचंद्र, कुटुंबाची सुट्टी, मित्रमंडळींची सहल अशा निमित्तांनी महाराष्ट्रातूनही अनेक जण तिकडे जातात. समुद्रकिनारे, मंदिरे, भातखाचरे यांची माहिती सर्वांकडे असते. हे सारे ज्या ज्वालामुखींमुळे घडले, त्यांचा विचार मात्र सहल आखताना क्वचितच होतो.

नेमके काय घडते आहे?

इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर लेवोतोबी लाकीलाकी नावाचा ज्वालामुखी आहे. बालीच्या विमानतळापासून तो सुमारे ८०० किलोमीटर पूर्वेला, म्हणजे ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गापेक्षाही दूर आहे. नोव्हेंबर २०२४ च्या सुरुवातीला त्याचा मोठा उद्रेक झाला. पायथ्याच्या गावांत किमान नऊ जणांचा बळी गेला आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली.

त्यानंतरच्या उद्रेकांची राख पश्चिमेकडे सरकली आणि १३ नोव्हेंबरच्या सुमारास बालीची अनेक आंतरराष्ट्रीय उड्डाणे रद्द झाली. त्यात भारतातील उड्डाणेही होती. पुढे १७ जून २०२५ रोजी राखेचा स्तंभ दहा किलोमीटरहून उंच गेला. ७ जुलै २०२५ रोजी तर तो सुमारे १८ किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचला. प्रवासी विमाने साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवरून उडतात, हे लक्षात घेतले की या आकड्यांचा अर्थ कळतो.

या सगळ्या काळात बालीतील हॉटेले आणि किनारे सुरू होते, मंदिरेही उघडी होती. अडचण होती ती फक्त तिथे पोहोचण्याची आणि तिथून निघण्याची. ज्वालामुखी बेटावर सुट्टी घालवताना पर्यटकाला भेडसावणारा नेहमीचा धोका हाच आहे. हॉटेलच्या दारात लाव्हा येण्याची शक्यता फार कमी, विमान रद्द होण्याची शक्यता त्याहून कितीतरी जास्त.

राख विमानाला एवढी घातक का?

ज्वालामुखीची राख चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. ती खडकाच्या आणि काचेच्या अतिसूक्ष्म, टोकदार कणांची असते. जेट इंजिनाच्या आत तापमान इतके असते की हे कण वितळतात. वितळलेली काच पुढच्या पात्यांवर जाऊन चिकटते आणि थिजते. इंजिनातील हवेचा मार्ग अरुंद होतो आणि इंजिन बंद पडू शकते. वैमानिकापुढची काच घासून धूसर होते. विमानातील हवामान रडार पावसाचे थेंब ओळखते, पण राखेचे कोरडे बारीक कण त्याला नीट दिसत नाहीत. रात्रीच्या वेळी राखेचा ढग साध्या ढगासारखाच वाटतो.

याचा धडा जगाला इंडोनेशियाच्याच आकाशात मिळाला. २४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ क्वालालंपूरहून पर्थकडे चालले होते. जावा बेटावरील गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत ते शिरले आणि चारही इंजिने एकापाठोपाठ बंद पडली. विमानात प्रवासी आणि कर्मचारी मिळून २६३ जण होते. सुमारे ३७ हजार फुटांवरून तरंगत खाली आलेल्या या विमानाची इंजिने राखेच्या थराबाहेर पडल्यावर पुन्हा सुरू झाली आणि ते जकार्तात सुखरूप उतरले.

त्यानंतर जगभरात राखेवर लक्ष ठेवणारी नऊ केंद्रे उभी राहिली. इंडोनेशियाच्या आकाशाची जबाबदारी ऑस्ट्रेलियातील डार्विन येथील केंद्राकडे आहे. उपग्रहांच्या प्रतिमा आणि वाऱ्याचा अंदाज पाहून राख कुठल्या उंचीवर, कुठल्या दिशेला जाईल हे ते कळवते. त्यावरून विमान कंपन्या निर्णय घेतात. म्हणूनच कधी एका कंपनीचे विमान उडते आणि दुसरीचे रद्द होते. मार्ग, वेळ आणि उंची बदलली की धोकाही बदलतो.

बालीत स्वतःचे ज्वालामुखी किती?

बाली आकाराने सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडे मोठे, सुमारे ५,७८० चौरस किलोमीटरचे बेट आहे. लोकसंख्या मात्र ४० लाखांहून अधिक. या बेटावर दोन जागृत ज्वालामुखी आहेत. पूर्वेकडचा आगुंग तीन हजार मीटरहून उंच आहे. त्याच्या वायव्येला १,७१७ मीटर उंचीचा बातुर आहे. पर्यटक पहाटे सूर्योदय पाहायला चढतात तो हाच.

बातुर एका प्रचंड जुन्या विवराच्या आत उभा आहे. हे विवर सुमारे १४ किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर रुंद असून त्यात एक तळे आणि काही गावे आहेत. विवराच्या काठावरील किंतामणी गावातून हे सारे एका नजरेत दिसते. १९२६ मध्ये बातुरच्या लाव्हाने पायथ्याचे बातुर गाव गाडले. गावकऱ्यांनी आपले मंदिर काठावर नव्याने उभारले. आज पर्यटक छायाचित्रे काढतात ते उलुन दानू बातुर मंदिर हेच.

दक्षिणेकडे चित्र वेगळे आहे. विमानतळ, कुटा, नुसा दुआ आणि उलुवातू हा भाग आगुंगपासून साधारण ६० किलोमीटर किंवा त्याहून दूर आहे. त्यातही दक्षिण टोकाचे बुकित पठार चुनखडीचे आहे. पांढऱ्या वाळूचे किनारे तिथे सापडतात. उत्तरेच्या लोविना किंवा पूर्वेच्या आमेद भागातली काळी-करडी वाळू ज्वालामुखीच्या खडकाची आहे. उबुद आगुंगपासून सुमारे ३० किलोमीटरवर येते.

हे ज्वालामुखी तिथेच का?

बालीच्या दक्षिणेला समुद्रतळाचा भूपट्ट वर्षाला काही सेंटीमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकत इंडोनेशियाच्या बेटांखाली घुसतो आहे. खोल गेल्यावर त्यातील पाणी वरच्या तप्त खडकात शिरते. पाण्यामुळे खडक कमी तापमानालाही वितळतो आणि तो शिलारस वर येतो. सुमात्रा, जावा, बाली, लोम्बोक, फ्लोरेस ही बेटांची माळ अशीच तयार झाली. एकट्या इंडोनेशियात सुमारे १३० जागृत ज्वालामुखी आहेत.

ही साखळी वायव्येला अंदमानपर्यंत येते. तिथले बॅरन बेट हा भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी. सह्याद्रीचा काळा पाषाण हाही लाव्हाच, पण त्याची कथा निराळी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पसरत गेलेल्या लाव्हाचे ते थर आहेत आणि ते कधीच थंड झाले. त्यामुळे महाराष्ट्रातल्या माणसाला ज्वालामुखीचा खडक पायाखालचा असला, तरी जागृत ज्वालामुखीच्या शेजारी राहण्याची सवय नाही.

अशा पाण्याने वितळलेल्या शिलारसात वायू कोंडून राहतात आणि तो चिकट असतो. म्हणून इथले उद्रेक स्फोटक असतात. मॉरिशसचे तसे नाही. तेही ज्वालामुखीतूनच जन्मले, पण तिथला ज्वालामुखी हजारो वर्षे शांत आहे. शेजारच्या रियुनियन बेटावरचा पितों द ला फुर्नेझ वारंवार जागा होतो, मात्र त्याचा लाव्हा बहुधा वाहून जातो. ‘ज्वालामुखी बेट’ असे म्हटले तरी प्रत्येक बेटाची तयारी निराळी करावी लागते, ती यामुळे.

१९६३ आणि २०१७ चे अनुभव काय सांगतात?

आगुंगचा मोठा उद्रेक १९६३ मध्ये झाला. फेब्रुवारीत सुरुवात झाली आणि १७ मार्चला पर्वताने रौद्र रूप धरले. उष्ण वायू आणि राखेचे लोट उतारावरून गावांवर कोसळले, पावसासोबत चिखलाचे लोंढे आले. एक हजाराहून अधिक माणसे मेली. त्याच काळात आगुंगच्या उतारावरील बेसाकी या बालीच्या सर्वांत मोठ्या मंदिरात, शंभर वर्षांतून एकदा होणारा एकादश रुद्र हा विधी चालू होता. लाव्हा मंदिराच्या जवळून गेला, मंदिर वाचले. बालीच्या वृद्धांच्या आठवणीत ते वर्ष अजून आहे.

पुढे अर्धशतकाहून अधिक काळ आगुंग गप्प होता. सप्टेंबर २०१७ मध्ये त्याच्या पोटात भूकंपांची मालिका सुरू झाली. प्रशासनाने इशारा सर्वोच्च पातळीवर नेला आणि सुमारे एक लाख ४० हजार लोकांनी घरे सोडली. उद्रेक मात्र लगेच झाला नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस इशारा एक पायरी खाली आला, लोक परतू लागले आणि नोव्हेंबरमध्ये राख उसळली. २७ नोव्हेंबरला विमानतळ बंद झाला. तो सुमारे अडीच दिवस बंद राहिला आणि हजारो पर्यटक अडकले. हा उद्रेक १९६३ च्या तुलनेत लहान ठरला.

यातून दोन गोष्टी दिसतात. पर्वत अस्वस्थ झाला आहे हे आज यंत्रांना कळते, पण तो नेमका कोणत्या दिवशी फुटेल हे सांगता येत नाही. दुसरे म्हणजे, त्या वेळी ठरवलेला सर्वांत मोठा निषिद्ध भाग विवरापासून कमाल १२ किलोमीटरपर्यंत होता. उबुद आणि दक्षिणेकडील पर्यटनस्थळे त्याच्या बाहेर होती.

इशाऱ्याच्या चार पातळ्या कोणत्या?

इंडोनेशियाच्या ज्वालामुखी विभागाने चार पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिली ‘नॉर्मल’, म्हणजे नेहमीची स्थिती. दुसरी ‘वासपादा’, म्हणजे सावध. तिसरी ‘सियागा’, म्हणजे सज्ज. चौथी ‘आवास’, म्हणजे धोका. प्रत्येक पातळीसोबत विवरापासून किती किलोमीटर आत जायचे नाही, हेही जाहीर होते. ही माहिती ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या सरकारी संकेतस्थळावर आणि ॲपवर रोज मिळते. भाषा समजली नाही तरी नकाशावरील रंग आणि पातळीचा आकडा पुरेसा असतो.

विमानांसाठीचे रंग वेगळे असतात. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशी ती चढती श्रेणी आहे. हे संकेत हवेतल्या राखेविषयी असतात, पर्वत चढण्याविषयी नव्हे. दोन्हींची गल्लत करू नये.

दुसरी पातळी म्हणजे ‘चालते’ असे समजणे किती महाग पडते, हे ३ डिसेंबर २०२३ रोजी दिसले. सुमात्रा बेटावरील मारापी ज्वालामुखी तेव्हा दुसऱ्याच पातळीवर होता. विवरापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नये अशी ज्वालामुखी विभागाची सूचना होती. तरीही चढाईला परवानगी मिळत होती आणि सुमारे ७५ गिर्यारोहक डोंगरावर होते. अचानक झालेल्या स्फोटात २४ जणांचा मृत्यू झाला. तिकीट मिळाले, वाटाड्या तयार आहे, इतर लोकही चढत आहेत, एवढ्यावरून डोंगर सुरक्षित ठरत नाही. जाहीर झालेले किलोमीटरचे अंतर हाच खरा निकष मानावा.

कोणत्या महिन्यात जावे?

बालीत साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा ऋतू असतो आणि नोव्हेंबर ते मार्च पावसाळा. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने महाराष्ट्रातला पावसाळा तिथे कोरडा असतो. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने सोयीचे. जुलै-ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलिया आणि युरोपातील पर्यटकांची गर्दी असते आणि दर चढतात. दिवाळीची सुट्टी ऋतूबदलाच्या तोंडावर येते, नाताळची भर पावसात. डोंगरावर जायचे असेल तर पावसाळा टाळावा. वाट निसरडी होते आणि ताज्या राखेवर पाऊस पडला तर चिखलाचे लोंढे येतात.

उद्रेकाला मात्र ऋतू नसतो. बदलतो तो वारा. कोरड्या ऋतूत बालीवर वारे प्रामुख्याने पूर्व-आग्नेयेकडून येतात, त्यामुळे लोम्बोक किंवा फ्लोरेसची राख बालीकडे येऊ शकते. राख पश्चिमेकडूनही येते. २०१५ च्या जुलैमध्ये जावाच्या राउंग ज्वालामुखीमुळे आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये लोम्बोकच्या रिंजानीमुळे बालीचा विमानतळ बंद करावा लागला होता. म्हणजे फक्त आगुंगची बातमी पाहून भागत नाही.

तारीख ठरवताना आणखी एक दिवस पाहावा. बालीचे नववर्ष, ‘न्येपी’, शके कालगणनेनुसार येते आणि कित्येकदा गुढीपाडव्याच्या दिवशी किंवा आसपास पडते. २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चला, आणि दोन्हीकडे शके १९४८. आपल्याकडे त्या दिवशी शोभायात्रा निघतात, बालीत संपूर्ण मौन असते. विमानतळ २४ तास बंद, रस्ते रिकामे, पर्यटकांनीही हॉटेलच्या आवारातच थांबायचे. पाडव्याच्या जोडसुट्टीत जाणाऱ्यांनी हे आधी तपासावे.

तिकीट आणि मुक्काम कसा ठरवावा?

पहिला नियम म्हणजे परतीनंतर दोन दिवस मोकळे ठेवणे. रविवारी रात्री उतरून सोमवारी सकाळी कार्यालय, परीक्षा किंवा घरातले लग्न गाठायचे, अशी आखणी ज्वालामुखी बेटासाठी बरोबर नाही. २०१७ मध्ये विमानतळ सुमारे अडीच दिवस बंद होता आणि तो उघडल्यावरही साचलेल्या प्रवाशांना जागा मिळायला वेळ लागला.

दुसरे, सिंगापूर, क्वालालंपूर किंवा बँकॉकमार्गे जाताना संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असावा. दोन स्वतंत्र स्वस्त तिकिटे काढली आणि बालीचे विमान रद्द झाले, तर पुढचे मुंबईचे तिकीट वाया जाते. दुसऱ्या कंपनीवर त्याची जबाबदारी नसते. एकाच तिकिटावर मात्र कंपनीला पुढची सोय पाहावी लागते.

तिसरे, पहिल्या आणि शेवटच्या रात्रीचे हॉटेल रद्द करता येईल असेच घ्यावे. शेवटचा मुक्काम दक्षिणेकडे, विमानतळाच्या आसपास ठेवला तर रद्द झालेल्या उड्डाणाचा पाठपुरावा सोपा जातो. किंतामणी, आमेद, नुसा पेनिदा असे लांबचे टप्पे सहलीच्या मधल्या दिवसांत घ्यावेत. शेवटच्या दिवशी बोटीने बेटावरून परतून त्याच संध्याकाळी विमान गाठण्याचा बेत टाळावा.

कागदपत्रांचे गणित सोपे आहे. भारतीयांना पोहोचल्यावर मिळणारा ३० दिवसांचा व्हिसा पाच लाख रुपियाचा, म्हणजे साधारण अडीच ते तीन हजार रुपयांचा असतो. तो ऑनलाइनही काढता येतो. पारपत्र किमान सहा महिने वैध हवे. फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांत परदेशी पर्यटकांकडून वेगळे दीड लाख रुपिया घेतो. आठवड्याची सहल राखेमुळे लांबली तरी ३० दिवसांचा व्हिसा पुरतो. महिनाभर राहणाऱ्यांनी मात्र शेवटचा दिवस गाठेपर्यंत थांबू नये, कारण मुदत उलटल्यास रोज दहा लाख रुपिया दंड आहे.

विमा घेतला की प्रश्न सुटतो का?

तो कधी घेतला आणि त्यात काय लिहिले आहे, यावर हे अवलंबून आहे. उद्रेकाची बातमी जाहीर झाल्यानंतर काढलेल्या पॉलिसीत त्या उद्रेकाचे नुकसान बहुधा धरले जात नाही, कारण विमा कंपनीच्या लेखी ती आधीच माहीत असलेली घटना असते. म्हणून तिकीट काढले त्याच दिवशी विमा काढणे शहाणपणाचे.

पॉलिसीत चार गोष्टी शोधाव्यात. नैसर्गिक आपत्तीमुळे सहल रद्द झाली तर भरपाई आहे का? उड्डाणाला किती तास उशीर झाल्यावर पैसे मिळतात? अडकून पडल्यास जादा मुक्कामाचा खर्च मिळतो का? आणि डोंगर चढताना झालेली इजा त्यात धरली आहे का? कित्येक पॉलिसी ठरावीक उंचीवरची चढाई ‘साहसी खेळ’ म्हणून वगळतात. स्कूटर भाड्याने घेणाऱ्यांनी दुचाकीसाठी वैध आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. परवाना नसताना अपघात झाला तर विम्याचा दावा फेटाळला जाऊ शकतो.

विमान कंपनीकडून काय अपेक्षा ठेवावी, हेही स्पष्ट असावे. राख हे कंपनीच्या हाताबाहेरचे कारण मानले जाते, त्यामुळे वेगळी नुकसानभरपाई सहसा मिळत नाही. रद्द झालेल्या उड्डाणाचे पैसे परत किंवा पर्यायी उड्डाण हे मात्र मागावे. त्यासाठी कंपनीकडून आलेला रद्द झाल्याचा संदेश जपून ठेवावा. विम्याच्या दाव्याला तोच पुरावा लागतो.

बातुर चढावा का?

पर्वत पहिल्या पातळीवर असेल आणि प्रकृती ठीक असेल, तर ही चढाई साधारण दोन तासांची आहे. राजगड-तोरणा करणाऱ्याला ती कठीण वाटणार नाही. फरक पायाखालच्या जमिनीचा आहे. सुटी राख आणि खडी घसरते, उतरताना गुडघ्यांवर ताण येतो. चांगली पकड असलेले बूट, डोक्यावर बांधायची विजेरी आणि जाडसर जाकीट हवे, कारण पहाटे वर कडाक्याची थंडी असते. स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा. वाफ येणाऱ्या भेगांजवळ मुलांना एकटे सोडू नये.

आगुंगची गोष्ट निराळी आहे. तो तासन्‌तास खडी चढण आहे आणि बालीच्या लोकांसाठी ते अत्यंत पवित्र स्थान आहे. काही धार्मिक दिवसांत चढाई बंद असते. सहल म्हणून आलेल्या कुटुंबाने तो किंतामणीच्या काठावरून किंवा बेसाकीच्या पायऱ्यांवरून पाहणेच इष्ट.

राख पडू लागली किंवा अडकलो, तर?

घाबरून विमानतळावर धाव घेऊ नये. तिथे गर्दी आणि रांगा असतात, माहिती मात्र फोनवर आधी येते. हॉटेलला मुक्काम वाढवायला सांगावे, कंपनीच्या ॲपवर पर्यायी उड्डाण नोंदवावे आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. समाजमाध्यमांवर फिरणारी चित्रफीत कुठल्या ज्वालामुखीची आणि कुठल्या वर्षाची आहे, हे तपासल्याशिवाय घरच्यांना पाठवू नये.

राख पडत असेल तर दारे-खिडक्या लावून आत थांबावे. बाहेर पडणे भाग असेल तर एन-९५ मुखपट्टी आणि चश्मा लावावा, कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवाव्यात. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी विशेष काळजी घ्यावी. ज्येष्ठांची नेहमीची औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा पाच दिवसांची जास्त न्यावीत, आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत.

विमानतळ बराच काळ बंद राहिला तर रस्त्याचा पर्याय आहे. बालीच्या पश्चिम टोकावरील गिलिमानुकहून बोटीने जावात उतरायचे आणि तिथून रस्त्याने सुराबाया विमानतळ गाठायचा. २०१७ मध्ये अनेक पर्यटक असेच बाहेर पडले. हा प्रवास दहा-बारा तासांहून अधिक होऊ शकतो. समुद्र खवळलेला असेल तर थांबणे बरे. जुलै २०२५ मध्ये याच सामुद्रधुनीत प्रवासी बोट बुडून जीवितहानी झाली होती.

मग जावे की टाळावे?

बालीची भातखाचरे जगप्रसिद्ध आहेत ती ज्वालामुखीच्या सुपीक मातीमुळे आणि पर्वतावरील तळ्यांच्या पाण्यामुळे. हे पाणी वाटून घेण्याची ‘सुबक’ ही व्यवस्था सुमारे हजार वर्षे जुनी आहे. शेतकऱ्यांचे गट आणि जलमंदिरे मिळून कुणाच्या खाचरात पाणी कधी सोडायचे ते ठरवतात. २०१२ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ज्या डोंगराने १९६३ मध्ये गावे गाडली, त्याच डोंगराच्या उतारावर आज पुन्हा शेती आहे.

२०१७ मध्ये उद्रेकाची खरी किंमत मोजली ती छावण्यांत महिने काढलेल्या या शेतकऱ्यांनी. त्यांच्या पाठोपाठ फटका बसला तो दक्षिणेकडील चालक, स्वयंपाकी आणि वाटाड्यांना. त्यांचा भाग सुरक्षित असूनही पर्यटकांनी सहली रद्द केल्या होत्या. बालीची अर्थव्यवस्था मोठ्या प्रमाणात पर्यटनावर चालते. त्यामुळे बातमी ऐकताच सगळे रद्द करणे जसे बरोबर नाही, तसे निषिद्ध भागात शिरून छायाचित्र काढणेही बरोबर नाही.

निर्णय सोपा करता येतो. आगुंग किंवा बातुर तिसऱ्या-चौथ्या पातळीवर असेल, तर सहल पुढे ढकलावी किंवा त्या भागाला वगळून आखावी. दूरच्या बेटावरील ज्वालामुखी राख टाकत असेल, तर जाण्यास हरकत नाही, फक्त तारखा लवचीक हव्यात. सगळे शांत असेल तरी विमा आणि दोन मोकळे दिवस हवेतच. निघण्याच्या आदल्या रात्री हवामान पाहतो तसे पाच मिनिटे काढून ज्वालामुखीची पातळी आणि उड्डाणाची स्थिती पाहावी. बालीचा माणूसही सकाळी उठल्यावर आगुंगकडे एक नजर टाकतोच.